कादंबरी सांगणारा पोपट आणि सावरीची ढोली

१/
मराठीत दीर्घ गद्यकथेला आपण ‘कादंबरी’ म्हणतो. हा शब्द बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत ग्रंथाच्या नावावरून आला, हे अनेकांना ठाऊक असते. त्या ग्रंथाची कथा एक पोपट सांगतो आणि स्वतःच्या आयुष्याची सुरुवात तो घरट्यावरच्या दरोड्यापासून करतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. आजचा धागा त्या दरोड्याविषयी आहे. जवळपास १,४०० वर्षे झाली, तो अजून चालूच आहे.

२/
कथा थोडक्यात अशी. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या सोन्याचा पिंजरा घेऊन येते. पिंजऱ्यात वैशंपायन नावाचा पोपट. तो उजवा पाय उचलून राजाची स्तुती करणारा श्लोक म्हणतो. राजा चकित होऊन त्याला त्याचा वृत्तांत विचारतो आणि पोपट आपल्या जन्मापासून सांगू लागतो.

३/
विंध्यारण्यात, पंपा सरोवराच्या काठी एक प्रचंड शाल्मली वृक्ष होता. शाल्मली म्हणजे आपली सावर. त्याच्या ढोल्यांत पोपटांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. एके दिवशी शबरांची शिकारी टोळी जंगल हादरवत निघून जाते. एक म्हातारा शबर मात्र मागे राहतो, कारण त्याच्या हाती काहीच लागलेले नसते. तो झाड नजरेने मापतो, जिना चढावा तसा वर चढतो आणि ढोल्यांत हात घालून एकेक पिल्लू फळ तोडल्यासारखे बाहेर काढतो.

४/
वैशंपायनाचा बाप म्हातारा आहे. आई बाळंतपणातच गेलेली. बाप पिल्लाला पंखाखाली झाकून घेतो आणि तसाच मारला जातो. त्याच्या पंखात दडलेले पिल्लू खाली वाळक्या पानांच्या ढिगावर पडते, म्हणून वाचते. संस्कृत साहित्यात राजे, युद्धे, विरह यांची वर्णने खंडीभर आहेत. पण घरटे लुटले जाताना ढोलीच्या आतून ते कसे दिसते, हे सांगणारा असा दुसरा उतारा निदान माझ्या वाचनात नाही.

५/
एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवू. बाणाने शबराचे चित्र भयंकर क्रूर रंगवले आहे. तो हर्षवर्धनाच्या दरबारातला कवी. जंगलात राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची त्याची नजर दरबारी आहे. म्हातारा शबर पोटासाठी पिल्ले काढतो, तो खलपुरुष ठरतो. सोन्याच्या पिंजऱ्यातला पोपट नजराणा म्हणून स्वीकारणाऱ्या राजाला मात्र ग्रंथात कुठेही दोष नाही. झाडावर चढणारा गुन्हेगार आणि पिंजरा ठेवणारा रसिक, ही वाटणी पुढेही पुन्हा पुन्हा भेटेल.

६/
आता नकाशावर या. गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका, कोहमारा. ज्याने नागपूर-रायपूर प्रवास रस्त्याने केला आहे, त्याने हा चौक नक्की पाहिला असेल. पश्चिमेला साकोली-भंडारा, पूर्वेला देवरीवरून छत्तीसगड, उत्तरेला गोरेगाव-गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध. हा रस्ता म्हणजे इंग्रजी अमदानीतला ‘ग्रेट ईस्टर्न रोड’, पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आता ५३. तालुक्याच्या नावातच ‘सडक’ आहे. मोरगाव अर्जुनीहून वेगळी ओळखू यावी म्हणून ही ‘सडक अर्जुनी’.

७/
सडकेच्या एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगाव. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१३ च्या डिसेंबरात दोन्ही मिळून राज्यातील पाचवा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर म्हणून हा पट्टा बातम्यांत येतो. या धाग्यात वाघ नाही. इथल्या साग, ऐन, बेहडा, मोह आणि सावरीच्या जुन्या झाडांत जी भोके दिसतात, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

८/
या जंगलपट्ट्यात पोपटाच्या तीन जाती ओळखून ठेवाव्यात. पहिला आपला नेहमीचा राघू, म्हणजे कीर: गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी, तीही फक्त नराला. दुसरा तुईया: अंगाने लहान, नराचे डोके पिकल्या जांभळाच्या आणि गुलाबाच्या मधल्या कुठल्याशा रंगाचे. तिसरा सर्वांत मोठा: शेपटीसह जवळपास दोन फूट, चोच जाडजूड लाल आणि खांद्यावर गडद तांबडा पट्टा. मराठीत याला पहाडी पोपट किंवा करण पोपट म्हणतात. हिंदी मुलखात आणि पक्ष्यांच्या बाजारात याचे नाव ‘हीरामन’.

९/
इंग्रजीत हाच ‘अलेक्झांड्राईन पॅराकीट’. सिकंदराच्या नावाचा पक्षी! सिकंदराने भारतातून हे पोपट ग्रीसला नेले असे सर्रास सांगितले जाते. पुरावा काय? इ. स. पू. ३२६ मध्ये तो पंजाबात होता, हे खरे. त्याचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतात माणसासारखे बोलणारे पक्षी असल्याचे मोठे नवल म्हणून लिहून ठेवले होते. निआर्कसचे मूळ लेखन गेले. ते आपल्याला दुसऱ्या शतकातल्या एरियनमुळे कळते.

१०/
गंमत पुढे आहे. एरियन म्हणतो, मी स्वतः असे पुष्कळ पोपट पाहिले आहेत, लोकांनाही ते माहीत आहेत, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. निआर्कसला जे नवल वाटले, ते साडेचारशे वर्षांत भूमध्य सागराच्या काठी नेहमीचे झाले होते. या दोन वाक्यांमध्ये एका अख्ख्या व्यापाराचा इतिहास दडलेला आहे.

११/
निआर्कसच्याही आधी टीसियस. हा इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य. इ. स. पू. ४०० च्या सुमारास त्याने भारतावर एक पुस्तक लिहिले, भारतात पाऊल न ठेवता. त्यात अचाट थापा भरपूर आहेत. पण एका पक्ष्याचे वर्णन आहे: ससाण्याएवढा, जांभळट-लाल तोंडाचा, काळ्या दाढीचा, मानेपर्यंत निळसर, भारतीय भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल. अभ्यासक यात तुईयाचा नर ओळखतात. त्याला हा पक्षी इराणच्या दरबारात कुठेतरी दिसला असणार. म्हणजे पिंजऱ्यातला भारतीय पोपट सिकंदराच्या आधीच सीमेपलीकडे गेला होता.

१२/
इ. स. पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये दुसऱ्या टॉलेमीने अलेक्झांड्रियात काढलेल्या भव्य मिरवणुकीत पिंजऱ्यांतले पोपट आणि मोर होते. पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहितो की हा पक्षी भारतातून येतो, अंगाने हिरवा, गळ्याला लाल वळे. तो सम्राटाला अभिवादन करतो. आणि मग तितक्याच कोरडेपणाने सांगतो, की बोलायला शिकवताना याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारतात, नाहीतर त्याला मार लागल्याचे कळत नाही. पोपट पाळण्यावरच्या सर्वांत जुन्या सूचनांपैकी ही एक.

१३/
त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजेतली. तिच्यात आकाशातून उतरणाऱ्या पोपटांच्या रांगेला माणिक-पाचूच्या, गळ्यातून निसटलेल्या हाराची उपमा आहे. लाल चोच, हिरवे अंग. रोमन कवी ओव्हिड प्रेयसीच्या मेलेल्या पोपटावर विलापिका लिहितो; हालाच्या संग्रहातल्या या गाथेतला पोपट मात्र थव्यातला आहे, उडता आहे. एका गाथेवरून दोन संस्कृतींची तुलना करू नये हे मान्य. तरी फरक डोळ्यात भरतो.

१४/
आता १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये, नेवाशाला या. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडण्याच्या नळीचा दृष्टान्त आहे. दोरीत किंवा काडीत एक पोकळ नळी ओवलेली. पोपट तिच्यावर बसतो, त्याच्या भाराने ती उलटी फिरते आणि तो खाली डोके, वर पाय असा लोंबकळतो. पंख मोकळे आहेत, कुणी बांधलेले नाही. तरी आपण अडकलो या समजुतीने तो नळी अधिकच घट्ट धरतो. तोवर पारधी येतो.

१५/
हा दृष्टान्त अध्यात्मासाठी आहे, हे उघडच. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तो दुसऱ्या डोळ्यानेही वाचावा: पक्षी पकडण्याच्या तंत्राची ही मराठीतली सातशे वर्षांपूर्वीची नोंद आहे. ‘शुकनलिकान्याय’ संस्कृत परंपरेतही आहे, म्हणून ज्ञानेश्वरांनी ही नळी स्वतः पाहिलीच असेल असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र त्यातली पकड अचूक आहे. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे असतात. उलटे लटकून फळ खाणे हा त्याचा रोजचा उद्योग. जी पकड त्याला जंगलात जगवते, तीच इथे त्याला घातक ठरते.

१६/
१५४० मध्ये मलिक मुहम्मद जायसीने अवधीत ‘पद्मावत’ रचले. पद्मावतीच्या रूपाची वार्ता चित्तोडला नेणारा पोपट ‘हीरामन’. तो जंगलात पळून जातो, पानांच्या आडोशाआडून येणारा बहेलिया चीक लावलेल्या काडीने त्याला धरतो, बाजारात एक ब्राह्मण त्याला विकत घेतो आणि शेवटी राजा रतनसेन लाखाची किंमत मोजतो. जंगल, पारधी, बाजार, मध्यस्थ, श्रीमंत गिऱ्हाईक. ही साखळी जायसीने इतकी व्यवस्थित मांडली आहे की आजच्या वनगुन्ह्याच्या पंचनाम्यात ती जशीच्या तशी बसेल.

१७/
मधल्या काळात ‘शुकसप्तती’ फारसीत गेली. नखशबीने चौदाव्या शतकात ‘तूतीनामा’ लिहिला, अकबराने त्याची चित्रमय पोथी करवून घेतली, ती आज अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. मराठीत हीच ‘शुकबहात्तरी’ झाली. सत्तरच्या बहात्तर गोष्टी, आपल्या लोकांना दोन जास्तच लागतात. नवरा परगावी गेल्यावर बायकोला रोज रात्री गोष्ट सांगून घरात रोखून धरणारा पोपट. स्वतः पिंजऱ्यात आहे, आणि राखण दुसऱ्याची करतो!

१८/
कथा पुरे, लाकडाकडे वळू. गोंदिया हे आगगाडीचे गाव. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने इथले जंगल बाजाराला जोडले. मध्य प्रांताच्या वनखात्याला सागवान हवे होते, सरळसोट आणि निरोगी. शास्त्रीय वनव्यवस्थापनात ‘सुधार तोड’ नावाचा प्रकार असे: वाकडी, किडकी, पोकळ, वठलेली झाडे आधी काढायची, म्हणजे चांगल्या झाडांना जागा आणि उजेड मिळेल. लाकडाच्या हिशेबात यात काहीच चूक नव्हती.

१९/
पक्ष्यांच्या हिशेबात होती. पोपटाला घरटे विणता येत नाही. सुतारपक्षी किंवा तांबट जे भोक कोरून सोडून देतात, किंवा फांदी मोडून जिथे लाकूड कुजते, तिथली ढोली तो थोडी रुंद करून वापरतो. पहाडी पोपट अंगाने मोठा, म्हणून त्याला मोठी ढोली हवी. ती जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातच सापडते. साग शंभर वर्षांनी पुन्हा लावता येतो, पोकळ झाड लावता येत नाही. जी झाडे खात्याच्या वहीत निकामी होती, तीच यांच्या वस्तीची होती.

२०/
कायद्यांचे काय? १८८७ मध्ये वन्य पक्ष्यांच्या रक्षणाचा पहिला अखिल भारतीय कायदा आला, १९१२ मध्ये दुसरा. १९१२ च्या यादीत माळढोक, बदके, तित्तिर, मोर, लावे, बगळे, नीलपंख, खंड्या आहेत. पोपट नाही! यादी नीट पाहिली की कारण कळते. काही पक्षी साहेबांच्या बंदुकीसाठी राखायचे होते, काहींची पिसे युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठी ओरबाडली जात होती. पोपट यातल्या कशातच बसत नव्हता. उलट तो शेतातली कणसे आणि बागेतले पेरू खाणारा, उपद्रवी.

२१/
पोपट पकडणारे कोण? रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पारधी आणि बहेलिया यांच्या नोंदी आहेत. फासेपारधी हे नावच फासावरून. या समाजांना पक्ष्यांची वेळ, आवाज, बसण्याची फांदी, सारे माहीत. याच काळात १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो १९५२ मध्ये पुसला गेला, कागदावर. लोकांच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

२२/
आणि मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. देशी पोपट प्रथमच संरक्षित यादीत आले. तरी परवान्यावर व्यापार चालू होता; भारतातून जिवंत पक्ष्यांची निर्यात जोरात होती. १९९१ च्या दुरुस्तीच्या सुमारास ती दारे बंद झाली. तेव्हापासून कोणताही देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. राघूसुद्धा. आजीने प्रेमाने वाढवलेला मिठूसुद्धा. हे वाचून इथे निम्मे लोक दचकतील, याची मला कल्पना आहे.

२३/
बंदीनंतर काय झाले, ते अब्रार अहमद या पक्षी-अभ्यासकाने ‘ट्रॅफिक इंडिया’साठी १९९० च्या दशकात बाजार फिरून नोंदवले. भारतातल्या सुमारे १,२०० पक्षिजातींपैकी ३०० च्या आसपास जाती त्याला व्यापारात दिसल्या. पोपट त्यात कायम आघाडीवर. मोठा पक्षी बोलायला शिकत नाही अशी समजूत असल्यामुळे मागणी पिल्लांना. म्हणजे पुन्हा ढोलीच. पुन्हा बाणभट्टाचा म्हातारा.

२४/
या व्यापाराचे गणित समजून घ्यायला हवे. पहाडी पोपटाची मादी वर्षातून एकदा, साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, दोन ते चार अंडी घालते. चोवीसेक दिवस उबवणे, मग सुमारे सात आठवडे पिल्ले ढोलीत. एकदा काढली की त्या जोडीचे वर्ष फुकट. बरेचदा ढोलीचे तोंड कुऱ्हाडीने मोठे केले जाते, म्हणजे पुढल्या वर्षी ती जागाही निकामी. मोठे पक्षी थव्याने उडताना दिसत राहतात, त्यामुळे ‘कुठे कमी झालेत?’ असे वाटते. पोपट दीर्घायुषी आहे. म्हाताऱ्यांचे थवे बरीच वर्षे उडू शकतात.

२५/
आंतरराष्ट्रीय लाल यादीत पहाडी पोपट आज ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या गटात आहे. साधा राघू सुखरूप आहे. किंबहुना लंडन, ब्रसेल्ससारख्या शहरांत पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंच्या वसाहती झाल्या आहेत आणि तिथे त्यांना उपद्रव मानतात. दोन सख्खे भाऊ, एकाच रंगाचे. एकाला शहर मानवले, दुसऱ्याला अजून जुने झाड लागते.

२६/
इथे एक वळण घेतो, कारण ते आपल्या लोकांच्या वाटेवरच आहे. १८३४ पासून मॉरिशसला भारतीय गिरमिटिया मजूर जाऊ लागले; मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक बरेच होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. त्याच बेटावर आपल्या पोपटाचा एक चुलतभाऊ राहतो, इको पॅराकीट. उसाच्या मळ्यांनी जंगल खाल्ले, ढोल्या गेल्या. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपला राघू तिथे सुटला आणि उरल्यासुरल्या ढोल्यांवर हक्क सांगू लागला.

२७/
१९८० च्या दशकात जगात इको पॅराकीट उरले होते डझनभर. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरचा याचाच नातेवाईक १८७५ नंतर कुणी पाहिला नव्हता. तो संपला होता. म्हणजे शेवट कसा होतो, याचे उदाहरण शेजारीच होते. कार्ल जोन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मग काय केले? ढोल्या दुरुस्त केल्या, लाकडी पेट्या टांगल्या, अशक्त पिल्ले काढून दुसऱ्या जोड्यांकडे वाढवायला दिली, जंगलात खाणे ठेवले. प्रत्येक घरटे वहीत नोंदवलेले. आज ती संख्या ७०० च्या वर आहे.

२८/
मॉरिशसचा धडा गोंदियाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे आधीच सांगतो. तिथे डझनभर पक्षी होते, म्हणून एकेकाला नाव देता आले. इथे जंगल मोठे आहे आणि पक्षी अजून बऱ्यापैकी आहेत. पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच: पक्षी वाचवायचा तर आधी भोक वाचवावे लागते, आणि त्यासाठी ते कुठे आहे हे कुणालातरी माहीत असावे लागते.

२९/
ते माहीत असणारी माणसे या पट्ट्यात पूर्वीपासून आहेत. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. ‘नवेगावबांधचे दिवस’ त्याच वास्तव्यातले. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आणि गावोगावच्या आदिवासींकडून त्यांनी झाडांची, पाखरांची नावे गोळा केली. पुढे त्यांचा ‘पक्षिकोश’ झाला. सरकारी नोकर जंगलातल्या माणसाचा शिष्य झाला, हा माझ्या मते मराठी निसर्गलेखनाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. बाणभट्टाने शबराकडून काही शिकण्याचा विचारही केला नसता.

३०/
याच जिल्ह्यातले सारस पाहा. महाराष्ट्रात सारस उरले ते गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्या-बांध्यांतच. दरवर्षी त्यांची गणना होते. धानाच्या बांधीतले घरटे शेतकरी मोडू देत नाहीत, स्वयंसेवक राखण करतात, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही दखल घेतली. सारस उंच आहे, उघड्यावर घरटे करतो, जोडीने नाचतो; तो दिसतो. पोपट उंच झाडाच्या अंधाऱ्या भोकात आहे आणि सगळ्यांना वाटते की तो सगळीकडे आहे.

३१/
राहिला प्रश्न पिंजऱ्याचा. ‘मग परदेशी रंगीत पोपट पाळले तर?’ हा प्रश्न प्रतिसादांत येणारच, म्हणून आधीच. दक्षिण अमेरिकेतले मकाव, आफ्रिकेतला करडा पोपट हे आपल्या १९७२ च्या मूळ यादीत नव्हते. २०२० मध्ये केंद्राने असे प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली. आता ते परिवेश संकेतस्थळावर नोंदवण्याचे नियम आहेत. नोंद असली की कायद्याचा प्रश्न सुटतो. त्या पक्ष्याची आजी कुठल्या ढोलीतून काढली होती, हे नोंदीत नसते.

३२/
आणि घरात आधीच देशी पोपट असेल तर? खिडकी उघडून सोडून देऊ नका. लहानपणापासून पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला पंखांत बळ नसते, खाणे शोधता येत नाही, घारीची ओळख नसते. वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात कळवावे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ‘ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर’ आहे. जखमी आणि जप्त केलेले पक्षी तिथे नेतात. जप्तीतली पिल्ले हाताने भरवून वाढवावी लागतात आणि मग मोठ्या पिंजऱ्यात उडायला शिकवावी लागतात. शिकवायला आई-बाप नसतात.

३३/
कादंबरीतले पिल्लू पानांच्या ढिगावरून सरपटत पाण्याकडे निघते. पंख फुटलेले नाहीत, तहानेने जीव चालला आहे. तेव्हा जाबाली ऋषींचा मुलगा हारीत स्नानाला जाताना त्याला पाहतो, उचलून सरोवराकाठी नेतो आणि चोचीत पाण्याचे थेंब घालतो. मग आश्रमात आणून झाडाखाली ठेवतो. पुढची सगळी कथा, चंद्रापीड, महाश्वेता, खुद्द कादंबरी, त्या पाण्याच्या थेंबांनंतरची आहे.

३४/
कोहमाऱ्याच्या आसपासची सावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते. पान एक नाही, सगळे झाड लाल. पहाडी पोपटाची पिल्ले त्याच सुमारास ढोलीत असतात, आणि पाने गळालेली असल्यामुळे ढोलीचे तोंड खालून स्पष्ट दिसते. ते बघायला येणारे दोन प्रकारचे लोक असतात. गस्तीवरच्या वनरक्षकालाही हेच दिवस महत्त्वाचे.

(धागा समाप्त. पुढच्या वेळी: नवेगावचा बांध बांधणारे कोहळी.)